नऊ आकड्यांचा रकाना

*प्रिय मावशी,*

*मी इंग्लिश अक्षरांत मराठी लिहितेय, सॉरी. मला देवनागरी वाचता येतं, लिहिता येत नाही. आजीशी व्हॉट्सॲपवर असंच लिहिते.*

*आम्ही २०१४ मध्ये आत्याच्या मुलाच्या लग्नाला न्यू जर्सीत आलो. मी सहा वर्षांची होते. लग्न झालं आणि आम्ही परत गेलोच नाही. इचलकरंजीत बाबांचे आठ माग होते, ते विकूनही कर्ज फिटलं नव्हतं, एवढंच मला माहीत आहे. इथे बाबा एका इंडियन ग्रोसरीत कॅशवर काम करतात. मालक कधी कधी दोन-दोन आठवडे पैसे देत नाही. आई पोळ्या लाटून देते, रोज दीडशे-दोनशे. आम्ही बेसमेंटमध्ये राहतो. भाऊ इथे जन्मला, नऊ वर्षांचा आहे, तो सिटिझन आहे. आजोबा गेले तेव्हा बाबांनी दुकानाच्या गोडाउनमध्ये उभं राहून फोनवर सगळं बघितलं.*

*मला हे कुणी सांगितलं नव्हतं. आई दर वर्षी म्हणायची, पुढच्या मेमध्ये जाऊ. सोळाची झाल्यावर मी ड्रायव्हिंग परमिटसाठी नऊ आकडी सोशल सिक्युरिटी नंबर मागितला, तेव्हा ती रडली आणि मग सांगितलं, आपला व्हिसा कधीच संपलाय, आपल्याकडे कागद नाहीत. आता शाळेत सगळे कॉलेजसाठी फॅफ्सा, म्हणजे केंद्र सरकारच्या मदतीचा फॉर्म, भरतायत. काउन्सेलरने मला तीनदा बोलावलं. मी दर वेळी 'उद्या आणते' म्हणते. मैत्रिणींना वाटतं मला शिकायचंच नाहीये. माझे मार्क्स चांगले आहेत.*

*आई म्हणते, कुणालाही सांगायचं नाही. मला त्यांचा खूप राग येतो. मग बाबा रात्री अकराला येऊन ओट्याशी उभ्या उभ्या जेवतात ते बघून माझाच राग येतो. काउन्सेलरला सांगू का? की आजीकडे निघून जाऊ? मार्चमध्ये मी अठरा वर्षांची होईन. आमचे सगळे कागद आई पोह्यांच्या डब्यामागे एका पत्र्याच्या डब्यात ठेवते. मी तो कधी उघडला नाही.*

*— अबोली*

अबोली,

तुझं पत्र छापण्याआधी मी देवनागरीत उतरवून घेतलं. तुझं इथलं गाव, दुकान, आत्याचं नाव, सगळं काढून टाकलं. वाढदिवसाचा महिनाही काढणार होते, पण माझ्या उत्तरातलं सगळ्यात तातडीचं काम त्या महिन्यालाच बांधलेलं आहे. म्हणून तो ठेवला. रागाचं आपण नंतर बोलू. आधी तारीख.

इथल्या १९९६ च्या कायद्यात एक तरतूद आहे. व्हिसाची मुदत संपल्यावर माणूस इथे जितके दिवस राहतो ते मोजले जातात, पण अठरा वर्षांखालच्या मुलाचे मोजले जात नाहीत. म्हणजे अकरा वर्षं इथे काढूनही तुझ्या खात्यावर आज शून्य दिवस आहेत. आईबाबांच्या खात्यावर दहा वर्षांहून जास्त. तुझं घड्याळ मार्चमधल्या वाढदिवसाला सुरू होईल. त्यानंतर १८० दिवसांहून जास्त राहून तू देश सोडलास तर तीन वर्षं परत येण्याला बंदी. वर्षभर राहून सोडलास तर दहा वर्षं. तेव्हा 'आजीकडे निघून जाऊ का' या प्रश्नाला एक मुदत आहे, आणि ती वाढदिवसापासून १८० दिवसांनी, म्हणजे ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरमध्ये संपते. तुझ्या घरात हे कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही. ते कुणी सांगायलाच हवं होतं, म्हणून पहिल्यांदा हे लिहिलं.

याचा अर्थ आत्ता बॅग भर असा नाही. बंदी नसणं आणि व्हिसा मिळणं यांत फार अंतर आहे. मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत खिडकीमागचा अधिकारी स्टुडंट व्हिसा मागणाऱ्या प्रत्येकाकडे 'हा परत जाणार नाही' असं धरूनच बघतो, कायदाच त्याला तसं सांगतो. तुझं तर अख्खं कुटुंब लग्नाला येऊन राहिलेलं. तो काय म्हणेल हे तुला मीही सांगू शकते. म्हणून इचलकरंजीला जायचं तर 'जाऊन बघते, नाही जमलं तर येते' अशा हिशोबाने जाता येणार नाही. आणि आईबाबांना तुला भेटायला यायचं झालं तर त्यांच्यावर दहा वर्षांची बंदी पडेल. फोनवरून बघायचं काम आत्ता बाबा करतात, ते मग तुझ्याकडे येईल.

तरीही जाणं चूकच, असं मी म्हणणार नाही. तू भारताची नागरिक आहेस, ते नागरिकत्व पासपोर्टबरोबर संपलेलं नाही. इथल्या हायस्कूलच्या डिप्लोमाला असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजकडून समकक्षता घेऊन तिकडे कॉलेजला प्रवेश घेता येतो. कोल्हापूर-पुण्यात शिकून तू कुठल्याही कागदावर स्वतःचं खरं नाव घालून नोकरी करू शकशील. इथे आज ते होत नाही. पण हा निर्णय आईशी भांडण झालेल्या रात्री घ्यायचा नाही. जूनमध्ये शाळा संपव, त्याच्या आत एका वकिलाला भेट, आणि ऑगस्टमध्ये ठरव.

वकील म्हटलं की आई घाबरेल, पैशांच्या भीतीने आणि दुसऱ्याही भीतीने. रटगर्ससारख्या विद्यापीठांच्या लॉ स्कूलमध्ये इमिग्रेशनची क्लिनिक असतात, तिथे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली केस बघतात आणि फी घेत नाहीत. काही सामाजिक संस्थांत न्याय खात्याने मान्यता दिलेले प्रतिनिधी असतात, ते वकील नसले तरी इमिग्रेशनचं काम करू शकतात. ओक ट्री रोडवर, आपल्या त्या देशी बाजारात, एखाद्या टॅक्सवाल्याच्या दुकानात बसणारे जे काका 'असायलम टाकून देतो, सहा महिन्यांत वर्क परमिट' म्हणतात, त्यांच्याकडे मात्र जायचं नाही. असे काका प्रत्येक वस्तीत एक तरी असतात. खोटी हकिगत रचून आश्रय मागितला आणि ते सिद्ध झालं, तर त्या माणसाला पुढे इमिग्रेशनचा कुठलाच फायदा कधीही मिळत नाही. काका तेव्हा दुकान बदलून गेलेले असतात.

वकिलाला विचारायच्या दोन गोष्टी सांगते. तुम्ही विमानाने, व्हिसावर, इमिग्रेशनच्या माणसासमोरून आत आलात. 'लग्नाला आलो आणि राहिलो' हे तू शरमेने लिहिलंयस, पण कायद्यात त्या शिक्क्याला किंमत आहे. तुझा भाऊ एकवीस वर्षांचा झाला की, म्हणजे २०३७ च्या सुमारास, आईवडिलांसाठी अर्ज करू शकेल. आजचा कायदा तसाच राहिला तर व्हिसावर आत आलेल्या आईवडिलांना मुदत उलटून गेलेली असली तरी देश न सोडता ग्रीन कार्ड मिळू शकतं. सीमेवरून चोरून आलेल्यांना ही वाट बहुतेक बंद असते. तुझ्यासाठी भावाचा अर्ज उपयोगाचा नाही. बहीण-भावांच्या रांगेत भारतीयांना दोन दशकांच्या आसपास थांबावं लागतं, आणि इतकं थांबूनही मुदत उलटलेल्यांना इथल्या इथे कार्ड मिळत नाही. दुसरी गोष्ट आत्या, मावश्या, पोळ्या न्यायला येणाऱ्या काकू, सगळ्या तुला कधी ना कधी सांगणार आहेत: सिटिझन मुलगा बघ. खरं लग्न झालं तर ती वाट कायद्यात आहे. कागदासाठी केलेलं लग्न उघडकीला आलं तर पुढचे सगळे दरवाजे बंद होतात. सतराव्या वर्षी कुणी हा विषय काढला तर उठून भांडी घासायला जा.

'डाका'बद्दल तू विचारलं नाहीस, बहुधा गूगल करून झालं असेल. राष्ट्राध्यक्ष ओबामांनी १५ जून २०१२ ला ते जाहीर केलं. लहानपणी आलेल्यांना दोन-दोन वर्षांचं कामाचं परमिट आणि हद्दपारीपासून सवलत. पण अट अशी की १५ जून २००७ पासून इथे सलग राहिलेलं असलं पाहिजे. त्या तारखेला तू जन्मलीही नव्हतीस. ती तारीख पुढे सरकली नाही, त्यामुळे आज हायस्कूलमध्ये असलेल्या तुझ्यासारख्या बहुतेक मुलांना डाका लागूच होत नाही. २००१ पासून अशा मुलांना कायमचे कागद देणारं ड्रीम ॲक्ट नावाचं विधेयक अमेरिकन काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, येतं आणि पडतं. २०१० च्या डिसेंबरात सिनेटमध्ये साठ मतं लागत होती, पंचावन्न मिळाली.

आता काउन्सेलर. सांग. पण कसं सांगायचं ते ऐक.

मी छत्तीस वर्षं इथे आहे, त्यातली बावीस एका शाळेत समुपदेशकाच्या खुर्चीत काढली. 'उद्या आणते' म्हणणारी मुलं मला ओळखू यायची. दर हिवाळ्यात चार-पाच असायची. त्यांतल्या एकाने फॉर्म हरवल्याची इतकी कारणं दिली की मी त्याला आळशी समजून त्याच्या वडिलांना पत्र पाठवलं. वडिलांनी दुसऱ्या दिवशी त्याला शाळेतून काढलं आणि कुटुंब राज्य सोडून गेलं. मला खरं कारण त्याच्या मित्राकडून कळलं, तोवर एप्रिल उजाडला होता. तो मुलगा माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

तेव्हा काउन्सेलरकडे जा, दार लावून घे, आणि एवढंच म्हण: 'मी फॅफ्सा भरू शकत नाही, मला न्यू जर्सीचा पर्यायी अर्ज भरायचा आहे.' तिला काम येत असेल तर तिला या एका वाक्यात सगळं कळेल. कुठून आलात, कधी आलात, व्हिसा कोणता, यातलं काहीही सांगायचं नाही, आणि तिने विचारायचंही नसतं. विद्यार्थ्यांच्या नोंदी पालकांच्या परवानगीशिवाय बाहेर देऊ नयेत असा १९७४ चा कायदा आहे, आणि अठरा झाल्यावर ती परवानगी तुझ्या हातात येते.

ही शाळा तुला कुणी मेहरबानी म्हणून दिलेली नाही, हेही तुला माहीत असू दे. टेक्ससमध्ये १९७५ साली कायदा झाला की कागद नसलेल्या मुलांसाठी शाळांना सरकारी पैसा मिळणार नाही. टायलर नावाच्या गावात शाळेने अशा मुलांकडून वर्षाला हजार डॉलर मागायला सुरुवात केली. गुलाबाच्या मळ्यांत आणि कारखान्यांत राबणाऱ्या मेक्सिकन आईबापांना ते शक्य नव्हतं. त्यांच्यातली काही कुटुंबं १९७७ मध्ये कोर्टात गेली. न्यायाधीशांनी सुनावणी पहाटे सहाला ठेवली, म्हणजे त्यांना कुणी बघू नये. एका कुटुंबाने गाडीत सामान भरूनच आणलं होतं, कोर्टातून थेट हद्दपार केलं तर हाताशी असावं म्हणून. १५ जून १९८२ ला सर्वोच्च न्यायालयाने पाचविरुद्ध चार मतांनी निकाल दिला की आईबापांच्या कृत्याची शिक्षा मुलांना देऊन त्यांची शाळा तोडता येणार नाही. टायलरच्या शाळांच्या ज्या अधीक्षकांच्या नावाने तो खटला ओळखला जातो त्या प्लायलर यांनीच पुढे म्हटलं की आपण हरलो ते बरं झालं. तुझ्या रोजच्या वर्गामागे ती पहाट आहे. दुपारच्या मोफत जेवणाच्या फॉर्मवर नंबर नसलेल्या पालकांसाठी खूण करायला चौकोन असतो, तोही त्याच तत्त्वावर, शाळेचा हक्क ज्याला त्याला जेवणाचाही.

पण ते छप्पर बारावीपर्यंतच आहे. म्हणून तुझ्या वयात सगळं एकदम कोसळल्यासारखं वाटतं. तुझं काही चुकलेलं नसतं, फक्त छप्पर संपलेलं असतं. तुला परमिटच्या वेळी कळलं ना? होजे अँटोनियो व्हार्गास नावाचे फिलिपिनो पत्रकार आहेत, त्यांनाही सोळाव्या वर्षी परमिट काढायला गेल्यावरच कळलं. खिडकीवरच्या बाईने त्यांचं ग्रीन कार्ड बघून हळूच सांगितलं, हे खोटं आहे, परत येऊ नकोस. २०११ साली त्यांनी स्वतःहून हे जाहीरपणे लिहिलं. मोठ्या वर्तमानपत्रात नाव झाल्यावर लिहिलं, सतराव्या वर्षी नव्हे. तेवढा फरक तूही लक्षात ठेव.

न्यू जर्सीत तू तुलनेने बऱ्या जागी आहेस. इथे तीन वर्षं हायस्कूल करून पास झालेल्या मुलांना सरकारी कॉलेजात राज्यातल्या विद्यार्थ्यांचीच फी लागते, हा २०१३ चा कायदा. कायदेशीर दर्जाची संधी मिळाल्यावर अर्ज करेन असं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. २०१८ पासून राज्याची आर्थिक मदतही मिळते, तुझ्या काउन्सेलरसमोर म्हणायच्या वाक्यातला पर्यायी अर्ज तो हाच. केंद्र सरकारची मदत मिळत नाही, कर्जही नाही. पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज आणि मग रटगर्स किंवा माँटक्लेअर, हा हिशोब तुझ्या घरच्या कमाईत बसण्याची शक्यता आहे. २०२० पासून राज्याने परवान्याच्या व्यवसायांसाठी इमिग्रेशनची अट काढली, म्हणजे नर्सिंगची परीक्षा पास झालीस तर परवाना मिळेल. नोकरीवर ठेवणाऱ्याला मात्र कामाचा कागद लागतोच, तिथे ही वाट आज अडते. खोटी आशा दाखवत नाही. टेक्ससने २००१ मध्ये देशात सगळ्यांच्या आधी अशी फीची सवलत दिली होती, २०२५ च्या जूनमध्ये ती कोर्टातून काही तासांत रद्द झाली. कायदे असेही जातात. म्हणून जे आज मिळतंय ते आज घ्यायचं.

घ्यायच्या गोष्टींत दात आहेत. हसू नकोस. माझ्याकडे येणाऱ्या अशा मुलांना कितीतरी महिने दाढ ठणकत असायची आणि ती इंग्रजीच्या पेपरात झोपायची. जानेवारी २०२३ पासून न्यू जर्सी फॅमिलीकेअर या राज्याच्या आरोग्यविमा योजनेत एकोणीस वर्षांखालच्या मुलांना, उत्पन्नाच्या अटीत बसत असतील तर, कागद न बघता विमा आहे. दात, डोळे, रक्त, लसी, जे राहिलंय ते एकोणिसाव्या वाढदिवसाआधी. एक गोष्ट लपवत नाही: २०२५ मध्ये केंद्राने काही राज्यांची मेडिकेडची, म्हणजे अशाच सरकारी आरोग्यविम्याची, माहिती इमिग्रेशनवाल्यांकडे दिली आणि त्यावर कोर्टबाजी झाली. तेव्हा तुझं नाव आधीच त्या यादीत नसेल, तर अर्ज करण्यापूर्वी त्याच वकिलाला विचार. भाऊ नागरिक आहे, त्याचा हक्क स्वतःचा आहे, तो सोडू नका.

आता एक अशी चूक, जी चांगली मुलं नकळत करतात. कुठल्याही फॉर्मवर 'मी अमेरिकेची नागरिक आहे' या चौकोनात खूण करायची नाही. नोकरीच्या फॉर्मवर नाही, कॉलेजच्या नाही. २०२१ पासून न्यू जर्सीत कागद नसलेल्यांनाही साधं ड्रायव्हिंग लायसन्स मिळतं, आईला हे माहीत नसावं. ते काढायला गेलीस तर तिथे मतदार म्हणून नोंदणी करायची का असं विचारतात, त्याला स्पष्ट नाही म्हण. नागरिकत्वाचा खोटा दावा ही या कायद्यातली जवळजवळ माफी नसलेली गोष्ट आहे. पुढे खरं लग्न झालं, मुलं झाली, तरी ती एक खूण आडवी येते. नऊ आकड्यांचा रकाना रिकामा ठेवणं हा गुन्हा नाही. शेजारच्या मुलीचा नंबर त्यात भरणं आहे.

बाबांच्या पगाराचं थोडक्यात. मजुरीचा कायदा कागद असलेल्या-नसलेल्या दोघांनाही लागू आहे. २०२५ मध्ये न्यू जर्सीत बहुतेक कामांना तासाला किमान १५.४९ डॉलर होते, आणि बुडवलेल्या पगारासाठी सहा वर्षं मागचं मागता येतं. बाबा तक्रार करणार नाहीत, हे मला कळतं. पण एक वही कर. रोज किती वाजता गेले, किती वाजता आले, किती मिळाले. तारीख घालून, पेनाने.

तू जे विचारलं नाहीस, पण ज्याच्याभोवती सगळं पत्र फिरतंय, त्यावर येते. आई म्हणते कुणाला सांगू नकोस. या दिवसांत ती अगदी चूक आहे असं म्हणता येत नाही. २०२५ च्या जानेवारीत शाळा, दवाखाने, देवळं यांच्यापासून इमिग्रेशनच्या पोलिसांना लांब ठेवणारा जुना नियम मागे घेतला गेला. फेब्रुवारीत अमृतसरला लष्करी विमान उतरलं, त्यातल्या १०४ माणसांत महाराष्ट्रातलेही तिघे होते. म्हणून गुपित ठेव. काउन्सेलर, वकील, आणि फार तर एक मैत्रीण, जिची आई बोलकी नाही अशी. पण गुपित ठेवता ठेवता माणूस लाज बाळगायला लागतो. तुझ्या पत्रात सुरुवातीलाच 'सॉरी' आहे, तेही देवनागरी येत नाही म्हणून. तू आणखी किती गोष्टींसाठी दिवसभर सॉरी म्हणत असशील, याचा मला अंदाज आहे.

त्यात आमच्यासारख्यांचा वाटा आहे, तोही कबूल करते. मी १९८९ मध्ये नवऱ्याच्या मागून त्याच्या व्हिसावर आले. ग्रीन कार्ड झालं, घर झालं. एका वर्षी मंडळाच्या गणपतीत मोदकांच्या ताटाशी एक नवी बाई उभी होती, हातावर तव्याचे जुने चटके, अंगावर पातळ स्वेटर. बोलायला सुरुवात म्हणून मी विचारलं, 'तुम्ही एच-वन का एल-वन?' आपल्यात नोकरीच्या व्हिसाचा हा प्रकार 'कुठलं गाव' विचारल्यासारखा विचारतात. तिचा चेहरा मला आजही दिसतो. तिने प्रसादाचा द्रोण खाली ठेवला आणि ती परत कधी आली नाही. तिच्याबरोबर एक लहान मुलगी होती. तुझ्या वयाची नव्हे, तू तेव्हा जन्मलीही नसशील.

मंडळातले काहीजण म्हणतील, आम्ही वीस-वीस वर्षं रांगेत आहोत आणि हे मधूनच घुसले. त्यांचा राग खोटा नाही. एच-वनवरच्या लोकांची मुलं ग्रीन कार्डाच्या रांगेत वाढतात आणि एकविसाव्या वर्षी आईबापांच्या व्हिसातून बाहेर पडतात, ती तुझ्याच शाळेत असतील. पण सहा वर्षांच्या पोरीने कुठल्या रांगेत उभं राहायचं होतं? तिला तर लग्नाला नेलं होतं.

आईबाबांवरचा राग. तुला अकरा वर्षं 'पुढच्या मेमध्ये' सांगत राहणं ही त्यांची चूक आहे, आणि मी त्यांच्या वयाच्या जवळची असून हे म्हणते. बाराव्या-तेराव्या वर्षी सांगायला हवं होतं. तू राग धर, तो येणारच, त्यासाठी बाबांचं उभ्याने जेवणं विसरावं लागत नाही. दोन्ही एकाच घरात राहू शकतं. माफ करायचं का, हे मी तुझ्याकडून वदवून घेणार नाही. एवढं मात्र कर, की मागांबद्दल विचार. 'तुम्ही का आलात' असं नको, त्याला ते फक्त 'तुझ्यासाठी' म्हणतील आणि तुझ्या डोक्यावर आणखी एक ओझं येईल. विचार की किती घेतले होते, कुणाकडून, किती टक्क्यांनी, माग कितीला गेले. आकडे विचार. बाबांना रडण्यापेक्षा आकडे सांगणं सोपं जाईल. तू अठरा वर्षांची होतेयस, घरच्या कर्जाची गोष्ट तुला माहीत असणं हा तुझा हक्क आहे.

आणि आईची दुभाषी म्हणून दवाखान्यात, शाळेत, घरमालकाकडे सगळीकडे तूच जात असणार, तू लिहिलं नाहीस तरी मला माहीत आहे. दवाखान्यांनी दुभाषी द्यायचा असतो, फोनवर मराठीही मिळते. एखाद्या मंगळवारी तू जाऊ नकोस. मैत्रिणीबरोबर बस.

आता तो डबा. पुढच्या रविवारी, बाबा दुकानात आणि भाऊ बाहेर असताना, आई कणीक मळायला बसायच्या आधी तिला म्हण, मला वकिलाकडे जायला कागद लागतील. सगळ्यांचे जुने पासपोर्ट काढ, त्यांत २०१४ च्या तारखेचा शिक्का शोध, फोनवर फोटो घे आणि ते पासपोर्ट परत तिथेच ठेव. तुझा जन्मदाखला, लसीकरणाचा कागद, शाळेची सगळी रिपोर्ट कार्डं एका पाकिटात. भावाचा जन्मदाखला वेगळ्या पाकिटात, त्याचा अमेरिकन पासपोर्ट नसेल तर तो काढायचा आहे, आणि आईबाबांना कधी नेलंच तर तो कुणाकडे राहील हे एका कागदावर लिहून सही करायची आहे. हे बोलताना आई रडेल. पोह्यांचा डबा तोवर तू खाली उतरवून ठेवलेला असू दे, तिचा हात पोचतो तिथे.

— मावशी